३६,५५० कुणाचा पगार?

दहावीचा निकाल लागला की जूनअखेरपर्यंत माझा फोन गप्प बसत नाही. सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक म्हटल्यावर लोकांना वाटतं, याच्याकडे सगळ्या नोकऱ्यांचे भाव असणार, बाजार समितीच्या फलकावर असतात तसे. मी स्वतः सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि तेव्हा माझ्याच पगाराचा भाव मला सांगता येत नव्हता, हे त्यांना माहीत नसतं.

२०२५ चा निकाल १३ मेला लागला. दोन दिवसांनी आबांचा फोन आला. "सर, धाकटीला शहाऐंशी टक्के पडले. आयटीआयवाल्याला सरासरी पगार किती आन् नर्सला किती, तेवढं सांगा. जिकडं जास्त, तिकडं टाकतो."

आबांचं घर मला माहीत आहे. सोलापूर जिल्हा, उजनीचा कालवा शिवारापासून चार किलोमीटरवरून जातो, म्हणजे पाणी दिसतं पण मिळत नाही. साडेतीन एकर, दोन मुलं, दोन सुना, तीन नातवंडं. थोरल्या मुलाचा मुलगा, त्याला घरात दादा म्हणतात, माझा विद्यार्थी. धाकट्या मुलाची मुलगी म्हणजे ताई, ती नर्स. दोघं चुलत भावंडं एकाच वर्षी, २०१७ ला दहावी झाली. दादानं थेट आयटीआय धरलं, ताईनं अकरावी-बारावी सायन्स करून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. आता प्रश्न दादाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा होता.

आकडा मी फोनवर सांगितला नाही. म्हटलं, "रविवारी येतो. दादाला आणि ताईला थांबवून ठेवा. पगाराच्या चिठ्ठ्या, पासबुकं, असेल नसेल ते काढून ठेवायला सांगा." ज्या प्रश्नाचं उत्तर त्या घरातच सहा वर्षं साठत होतं, ते बाहेरून कशाला आणायचं, असा माझा विचार. खाली लिहिलंय ते त्या रविवारचं. नावगाव सांगत नाही, आकडे त्यांच्या वहीतले आहेत.

दादाची बाजू

सरकारी आयटीआयमध्ये दोन वर्षांत घरातून गेलेला पैसा म्हणजे एसटीचा पास, वह्या, गणवेश आणि हत्यारांची पेटी. त्यामुळे २०१९ च्या उन्हाळ्यात तो बाहेर पडला तेव्हा डोक्यावर कर्ज नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर शिकाऊ उमेदवारीच्या नियमात बदल झाला होता आणि आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. महिन्याला तेवढेच मिळाले. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, तीन महिने बिनपैशाचे गेले, उमेदवारी लांबली. डिसेंबरला प्रमाणपत्र हातात आलं आणि कारखान्यानं नमस्कार केला. कायम करून घेतील अशी आशा बाळगणारी पोरं मी दरवर्षी बघतो.

मग चाकण. तिथं कंपनीचं नाव मोठं, पण नेमणूक ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, "साडेसोळा." घरी आनंद झाला, पेढे वाटले. त्या साडेसोळा हजारांचं पुढं काय झालं ते दादानं चिठ्ठी समोर ठेवून वाचून दाखवलं. भविष्य निर्वाह निधीचे १,५००. कर्मचारी विमा, म्हणजे ईएसआय, पगाराच्या पाऊण टक्का, १२४. व्यवसाय कर २००. राहिले १४,६७६. त्यातून कँटीन आणि बसचे १,४०० ठेकेदारच कापायचा, म्हणजे खात्यात १३,२७६. खोलीत सहा जण, भाडं आणि मेसचे मिळून पाच हजार. हातात राहायचे आठ हजार आणि वर किरकोळ.

आबा म्हणाले, "मग साडेसोळा कशाला म्हणत हुतास?"

"तेवढाच पगार होता, आबा."

दोघांचंही खरं होतं. पगार विचारला की माणूस वरचा आकडा सांगतो आणि घर चालतं खालच्या आकड्यावर. निर्वाह निधीचे पैसे बुडत नाहीत हे खरं, मालकाचाही तेवढाच हिस्सा जमा व्हायला हवा. पण दादाचा ठेकेदार दोन वर्षांत दोनदा बदलला, नंबर दोन झाले आणि जुन्या खात्यातली रक्कम अजून अडकलेली आहे. तो अर्ज मीच भरून दिला होता, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक निघाला म्हणून परत आला.

२०२३ ला तो गावी आला. वर्षभर तालुक्यातल्या एका वायरिंगवाल्याच्या हाताखाली ६०० रुपये रोजानं, महिन्यात वीस दिवस काम. मग सौर पंप आले. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच, बाकी सरकारचं. पंप पुरवणारी कंपनी बसवायचं काम खाली देते आणि खालचा माणूस आणखी खाली. दादा त्या साखळीत खालून दुसरा. पाच अश्वशक्तीचा एक संच उभा करायचे सहा हजार, तिघांत, दीड-दोन दिवसांचं काम. खड्डे, काँक्रीट, सांगाडा, पॅनेल, कंट्रोलर, अर्थिंग. मधल्या वेळात घरांची वायरिंग, तिथं भाव पॉइंटवर.

गेल्या बारा महिन्यांचं त्यानं मोबाइलमध्ये लिहून ठेवलेलं. एकूण २ लाख ६४ हजार. म्हणजे महिन्याला सरासरी २२ हजार. मी विचारलं, "बावीस हजार कोणत्या महिन्यात मिळाले?" त्यानं यादी वरखाली केली. एकाही नाही. मार्चमध्ये ४१ हजार, एप्रिलमध्ये ३८, जुलैमध्ये साडेसहा, ऑगस्टमध्ये आठ. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी जात नाही, खड्डा घेता येत नाही. त्यातून पेट्रोल, हत्यारं, ड्रिलचे बिट, मोबाइल मिळून महिन्याला साडेचार हजार वजा केले की १७,५००. विमा नाही, सुट्टी नाही. डिसेंबरात शिडीवरून घसरून तीन आठवडे घरी बसला, ते तीन आठवडेही या सरासरीतच आहेत.

महावितरणचं काय, हे आबा विचारणारच होते. विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात २०२३ च्या डिसेंबरअखेर निघाली. पहिल्या वर्षी १५,००० मानधन, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००, आणि काम समाधानकारक असेल तर मग तंत्रज्ञ म्हणून नियमित नेमणूक. दादानं अर्ज केला, परीक्षेला वर्षाहून जास्त काळ गेला. त्याचे आजचे १७,५०० त्या तिसऱ्या वर्षाच्या मानधनाहून जास्त आहेत, तरी तो तीन वर्षं पंधरा-सोळावर काढायला एका पायावर तयार होता. याला कुणी वेडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. तीन वर्षांनंतर उघडणारं दार तो बघत होता.

ताईची बाजू

ताईचा हिशेब उणेपासून सुरू होतो. खाजगी नर्सिंग स्कूल, फी, वसतिगृह, मेस, गणवेश, क्लिनिकलसाठी जाण्यायेण्याचा खर्च, सगळं मिळून २ लाख ७० हजार. तिच्या आईचं गंठण बँकेत गेलं ते अजून तिथंच आहे. तीन वर्षांचा कोर्स, कोरोनात परीक्षा लांबल्या, निकाल लागून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती पडेपर्यंत २०२३ उजाडलं.

पहिली नोकरी एका तालुक्याच्या गावच्या खाजगी दवाखान्यात. तीस खाटा. पगार ९,५००. चिठ्ठी नाही, पाकिटात रोख. रुजू होताना मूळ कागदपत्रं जमा करून घेतली आणि दोन वर्षं सोडणार नाही असं लिहून घेतलं. बारा तासांची ड्युटी, रात्रपाळीला सलाईन, इंजेक्शन, प्रसूती सगळं तिच्याच अंगावर, शिवाय नातेवाइकांचा आरडाओरडा. पगाराचं बोललं की उत्तर ठरलेलं, "अनुभव मिळतोय ना?"

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती नर्सिंगच्या पोरींना कुणी सांगत नाही. २९ जानेवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबाबत केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं खाटांवरून हिशेब मांडला. दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभरहून जास्त असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटांना २५ टक्क्यांपर्यंत कमी चालेल. आणि पन्नासच्या आत असतील तरी २०,००० च्या खाली नाही. तीस खाटांच्या दवाखान्यात ताईला समितीनं सांगितलेल्याच्या निम्म्याहूनही कमी मिळत होते, तेही शिफारस होऊन सात वर्षं उलटल्यावर. शिफारस अमलात आणायचं काम राज्यांकडे दिलं होतं. शिफारशीला दात नसतात.

दहा महिन्यांनी भावकीतल्या एका वकिलाला सोबत नेऊन तिनं कागद सोडवले. मग पुण्यात दीडशे खाटांचं रुग्णालय. पगार १८,०००, हातात पडायचे १३,९२५, कारण निर्वाह निधी, ईएसआय आणि रुग्णालयाच्याच वसतिगृहाचे अडीच हजार आधीच कापलेले. व्यवसाय कर मात्र नाही. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. दादानं हे ऐकून "आमचे दोनशे मात्र जातात" असं म्हटलं, आणि ताई म्हणाली, "नाईट कर मग माझ्याऐवजी."

२०२५ च्या जानेवारीपासून ती घराजवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटी, २०,००० रुपये, अकरा महिन्यांची ऑर्डर.

एकाच वॉर्डात

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या रुग्णालयातल्या स्त्री-कक्षात आहे. ताईच्या पाळीत दुसरी एक नर्स असते. तिचंही जीएनएमच, वय जवळपास तेच. ती आरोग्य विभागाच्या २०२३ च्या मोठ्या भरतीत लागली. १०,९४९ जागांची ती जाहिरात होती, ताईनंही हजार रुपये परीक्षा शुल्क भरून फॉर्म भरला होता, थोडक्यात हुकली. ती दुसरी नर्स कायम अधिपरिचारिका आहे, सातव्या वेतन आयोगात एस-१३ या वेतनस्तरावर, मूळ वेतन ३५,४००. हिशेबाला जानेवारी २०२४ चा ५० टक्के दर धरला, तर महागाई भत्ता १७,७००. दोन्ही मिळून ५३,१००, घरभाडं वेगळं. निवृत्तिवेतनाच्या अंशदानाचे १० टक्के आणि व्यवसाय कर वजा केला तरी घरभाड्याशिवाय ४७,५९०.

इंजेक्शनची ट्रे तीच, रजिस्टर तेच, रात्री तीनला येणारी बाळंतीणही तीच.

मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. २०,००० आणि ५३,१००. बेरीज करून दोननं भागलं. ३६,५५०. वही आबांकडे वळवली. "आबा, या वॉर्डातल्या नर्सचा सरासरी पगार छत्तीस हजार पाचशे पन्नास."

"चांगलाय की," आबा म्हणाले. मग थोडं थांबून, "पर ह्यो मिळतो कुणाला?"

त्यांना दोन इयत्ता शिक्षण आहे. मोबाइलवर राज्यातल्या नर्सचा, इलेक्ट्रिशियनचा सरासरी पगार बघून मुलांना ॲडमिशन घेऊन देणाऱ्या पदवीधर पालकांनी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही. आपल्या राज्यात दोन्ही क्षेत्रांत पगाराचे दोन मजले आहेत, मध्ये जिना अरुंद, आणि सरासरी त्या जिन्यात कुठंतरी लोंबकळते. वरच्या मजल्यावर वेतनश्रेणी आहे: औषधनिर्माता २९,२०० मूळ वेतनावर, एएनएम, म्हणजे आरोग्य सेविका, २५,५०० वर. खालच्या मजल्यावर ठेकेदार, मानधन आणि अकरा महिने. खालच्या मजल्यावर कंत्राटी नर्स आणि कंत्राटी इलेक्ट्रिशियन यांच्यात जेवढा फरक आहे, त्याच्या कितीतरी पट फरक कायम नर्स आणि कंत्राटी नर्स यांच्यात आहे. म्हणून 'ट्रेड की नर्सिंग' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कोणत्या कोर्सनंतर जिन्यापाशी किती वर्षं उभं राहावं लागतं आणि तेवढा काळ उभं राहायला घरात काय आहे, हे आधी बघावं लागतं.

सहा वर्षांची बेरीज

जुलै २०१९ ते जून २०२५, शेवटचा महिना अंदाजानं धरून, आम्ही दोघांचा हिशेब मांडला. चाकणचं जेवणखाण, खोली धरली नाही, नाहीतर भांडण संपलं नसतं.

दादा: उमेदवारीचे ८४,०००. चाकणचे चोवीस महिने, ३ लाख १८ हजार. रोजंदारीचं वर्ष, १ लाख ४४ हजार. जानेवारी २०२४ पासून स्वतःचं काम, अठरा महिने साडेसतरानं, ३ लाख १५ हजार. एकूण सुमारे ८ लाख ६१ हजार. बहात्तर महिन्यांनी भागलं तर महिन्याला बाराच्या आत.

ताई: तीस खाटांचे ९५,०००. पुण्याचे १ लाख ६७ हजार. कंत्राटी सहा महिन्यांचे १ लाख २० हजार. एकूण ३ लाख ८२ हजार, त्यातून शिक्षणाचे २ लाख ७० हजार वजा. राहिले १ लाख १२ हजार. सहा वर्षांचे. गंठणाचं व्याज मी मुद्दाम धरलं नाही, तिची आई चुलीपाशी बसून ऐकत होती.

हे आकडे बघून आबांनी निकाल देऊनच टाकला, "मग आयटीआय." मी म्हटलं, थांबा. अंतर साडेसात लाखांचं आहे. ताई उद्या कायम झाली, तर तिचे ४७,५९० आणि दादाचे १७,५०० यांतला फरक महिन्याला तीस हजार. पंचवीस महिन्यांत ती त्याला गाठते आणि मग मागं वळून बघत नाही. न लागली, तर वयाच्या अटीपर्यंत परीक्षा देत राहील आणि कंत्राटी ऑर्डरी नव्या होत राहतील. आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये मोठा संप केला, २०२४ च्या मार्चमध्ये दहा वर्षं झालेल्यांना काही प्रमाणात सामावून घेण्याचा शासन निर्णयही निघाला. ताईची सेवा तेव्हा सुरूही झाली नव्हती. दहा वर्षं म्हणजे २०३५.

जर्मनीचा विषय दादाच्या बापानं काढला. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा, आणि त्यात परिचारिका आहेत तसे इलेक्ट्रिशियनही आहेत. तिथं वृद्धसेवेतल्या पूर्ण पात्र परिचारिकेला जुलै २०२५ पासून तासाला किमान २०.५० युरो ठरले होते. पण पूर्ण पात्र व्हायला आधी जर्मन भाषेच्या परीक्षा, मग आपल्या प्रमाणपत्राला तिथली मान्यता. ताईला रात्रपाळी करून 'डेअर, डी, दास' पाठ करायला वेळ मिळेल का, हे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "झोपायला मिळाला तर बघते." विषय तिथंच थांबला.

धाकटी

या सगळ्या वेळात जिच्यासाठी बैठक भरली ती धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कुणी तिला विचारलं नव्हतं, मीही नाही, ही माझी चूक. शेवटी ताईनंच विचारलं, "तुला काय करायचंय ग?"

"इलेक्ट्रिशियन."

आबांचा चेहरा उतरला. पोरगी खांबावर चढणार का, लोक काय म्हणतील, वगैरे. ताई मध्ये पडली. ती नर्सिंगची बाजू घेईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आबा, मी बारावीनंतर साडेतीन वर्षं शिकले आणि पहिला पगार साडेनऊ हजार घेतला. हिला बारावीपर्यंत थांबायचं, मग तीन वर्षं, मग तोच दवाखाना. घरात दुसरं गंठण नाही. हिला आधी दोन वर्षांत हातात काहीतरी येऊ दे. पुढं डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सर, बरोबर ना?"

मी म्हटलं, बरोबर. आणि हेही सांगितलं की चाकणचा तो ठेकेदार मुलगी म्हणून हिला जास्त देणार नाही, वायरमन परवाना लवकर काढ, आणि महावितरणची जाहिरात येईल तेव्हा मागची पाच वर्षं काय केलं ते सांगायची वेळ येऊ देऊ नकोस.

आबा बराच वेळ माझी वही बघत होते. मग त्यांनी ३६,५५० भोवती पेन्सिलीनं गोल केला आणि वही परत दिली. का केला, विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये अभियानातल्या कर्मचाऱ्यांचा पुन्हा संप झाला, ताई त्यात होती. दादानं त्या महिन्यात दोनच संच बसवले, रानं ओली होती. घरात त्या महिन्यात पैसा आला तो दुधाचा.

धाकटी आता माझ्याच वर्गात आहे. वीस जणांची बॅच, मुली तीन. पहिले काही आठवडे आम्ही सगळ्यांना कानशीच घासायला लावतो, लोखंडाचा तुकडा काटकोनात येईपर्यंत. तिचा तिसऱ्या खेपेला आला. परवा तिनं विचारलं, "सर, उमेदवारीला सात हजारच मिळतात का अजून?"

मी म्हटलं, "तुझी पाळी येईपर्यंत वाढले असतील."

"दादालाही तुम्ही असंच म्हणाला होता," ती म्हणाली आणि गुण्या घेऊन पुन्हा बाकाकडे गेली.